रंगाखालचें अस्तर

“काका, प्रायमर कोणता घ्यावा?” असा प्रश्न आमच्या पुतण्यानें २०२३ सालच्या दिवाळींत आम्हांस केला, तेव्हां हा आपल्या धाकट्या मुलासाठीं इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाची चौकशी करीत आहे असें समजून आम्ही त्यास दोनचार पुस्तकांचीं नांवें सांगूं लागलों. जन्म शाळेंत गेलेल्या मनुष्यास प्रायमर या शब्दाचा दुसरा अर्थ चटकन् सुचत नाहीं. पुतण्या हंसला व म्हणाला, “पुस्तक नव्हे, काका. गाडीचा प्रायमर. रंगाच्या आधीं मारतात तो.” आणि त्यानें पडवींत उभी असलेली मोटारसायकल दाखविली. ती पाहून आमचेंही हंसूं मावळलें.

गाडी म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी. आमच्या वडील बंधूंनीं ती १९८४ सालीं नवी घेतली. कारखाना १९९६ सालीं बंद पडला, पण बंधूंची गाडी त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ पौड व पुणें यांच्या दरम्यान धांवत राहिली. २०१९ सालीं बंधु निवर्तले आणि गाडी पडवींत उभी राहिली ती राहिलीच. पेट्रोलच्या टाकीला दोन्ही अंगांस, जेथें चालविणाराचे गुडघे टेकतात तेथें, रंग झिजून तळहाताएवढा पत्रा उघडा पडला होता. वहिनी येतांजातां त्या जागेवरची धूळ पदरानें पुशीत. २०२२ सालच्या मे अखेरीस पुतण्यानें गाडी रंगविण्यास दिली. हल्लीं तरुण मंडळी जुन्या गाड्या आपल्या आवडीच्या रंगांत नटवितात, त्यास अनुसरून डाळिंबी रंग व त्यावर सोनेरी रेघा असा बेत होता. कारागिराचें नांव घेण्याचें कारण नाहीं. काम झालें तेव्हां टाकींत तोंड पाहून घ्यावें असा तकतकीतपणा आला होता, व आम्हीं स्वतः त्या कारागिराची तारीफ केली होती हें येथें कबूल करणें भाग आहे.

पहिल्याच पावसाळ्यांत टाकीवर मसुरीएवढे फोड आले. दिवाळीपर्यंत ते हरभऱ्याएवढे झाले. दुसऱ्या पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटूं लागले, आणि नखानें पापुद्रा उचलावा तों खालीं तांबडा गंज. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावजी, आधींची होती तीच बरी होती. तो रंग निदान ह्यांच्या गुडघ्यांनीं झिजलेला होता. आतां पुन्हां खरवडायची असेल तर मला विचारल्यावांचून कोणी हात लावायचा नाहीं.” घरांत यानंतर कोणी बोललें नाहीं. तेव्हां प्रायमरचा प्रश्न दिसतो तेवढा लहान नव्हता, आणि आम्हीं तो पोथींतील एखाद्या अडलेल्या स्थळाप्रमाणें मनावर घेतला. पिरंगुटच्या बाजूस पत्राकाम व रंगकाम करणारे जे जुने मिस्त्री आहेत त्यांच्याजवळ बसलों, डब्यांवरील बारीक अक्षरांतल्या सूचना भिंग घेऊन वाचल्या, आणि पत्र्याच्या तुकड्यांवर प्रयोगही केले. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रायमरला आपल्याकडील कारागीर अस्तर म्हणतात, आणि हाच शब्द आम्हांस अधिक आवडतो. तो फारसीवाटे आला. संस्कृतांतील आस्तरण हा शब्दही पसरणें या अर्थाच्या स्तृ धातूपासूनचाच. कोटाचें अस्तर जसें बाहेरून दिसत नाहीं पण कोटाचें आयुष्य ठरवितें, तसेंच हेंही. ही कल्पना आपणांस नवी नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर एकदम चित्र काढलेलें नाहीं; आधीं माती, भाताचा तूस वगैरेंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग रंग. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. आपल्या घरच्या गणपतीच्या मूर्तीससुद्धां रंगाच्या आधीं पांढरा हात देतात. पण सर्वांत जवळचें उदाहरण कल्हईचें. कल्हईवाला पितळेचें भांडें आधीं घांसून लख्ख करी, तापवी, नवसागराची चिमूट टाकून वरचा मळ उडवी, आणि मगच कथील फिरवी. नवसागर चुकला तर कथील भांड्यास धरत नसे, गोळ्या होऊन घरंगळे. धातूला दुसरी वस्तु चिकटावयाची तर धातूचें अंग उघडें व निर्मळ पाहिजे, ही गोष्ट आपल्या आजीस ठाऊक होती. गाडी रंगविणारे मात्र पुष्कळदां विसरतात.

आतां मुळशीचा पाऊस. या तालुक्याचें नांव निघालें म्हणजे कोणास १९२१ सालचा सत्याग्रह व सेनापति बापट आठवतात, कोणास धरणाचें पाणी व ताम्हिणीचे धबधबे. दोहोंचें मूळ एकच. या पावसाच्या लोभानेंच टाटा कंपनीनें मुळा नदीस बांध घातला व तें पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळविलें. २०२४ सालच्या जुलैंत एका दिवसांत ताम्हिणीस साडेपांचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. माण-खटावकडील मनुष्य वर्षभरांत एवढा पाऊस पाहत असेल नसेल. पौडास तेवढा पडत नाहीं, पण जून ते सप्टेंबर हवा अशी ओली असते कीं पेटींतल्या वहाणांवर बुरशी येते. अशा हवेंत लोखंडावर उघडें राहिलेलें टांचणीएवढें छिद्रही पुरतें. पुण्यांत किंवा सोलापुरांत ज्या अस्तरावर गाडी दहा वर्षें निभावते, तें येथें दोन पावसाळे टिकेलच असें नाहीं. म्हणून अस्तर निवडतांना वरचा रंग कोणता हें पाहण्याआधीं दोन गोष्टी पाहाव्या: खालीं काय आहे आणि भोंवतालीं काय आहे. पुतण्याच्या पहिल्या कारागिरानें या दोहोंकडे पाहिलें नव्हतें.

हें आम्ही रागानें म्हणत नाहीं. एक मोठा पापुद्रा उचलून तो उन्हांत धरला व कडेनें भिंगांतून पाहिला तेव्हां त्यांत पांच थर निरनिराळे दिसले. वर पारदर्शक वार्निश, त्याखालीं डाळिंबी, त्याखालीं राखी अस्तर, त्याखालीं पिवळट लांबी, आणि लांबीच्या पाठीस चिकटून आलेला तांबडा गंज. म्हणजे टाकीच्या खड्ड्यांतील गंज न काढतां त्यावरच लांबी भरली होती. लांबींत शंखजिऱ्याची पूड पुष्कळ असते. ती पाणी धरते. पाणी लावून पॉलिश कागदानें घांसतांना तिनें पाणी शोषलें, जूनच्या दमट हवेंत तें वाळलें नाहीं, आणि वरून रंग बसल्यावर तें आंतच कोंडलें गेलें. मग उन्हांत गाडी तापली कीं वाफ होऊन वर ढकलणार, त्याचे फोड. राखी अस्तर हें ज्याला बाजारांत सर्फेसर म्हणतात त्या जातीचें, ड्युकोच्या कुळांतलें होतें. त्याचें काम ओरखडे बुजविण्याचें व सहज घांसलें जाण्याचें. तें सच्छिद्र असतें. पाणी अडविणें हें त्याचें काम नव्हेच, त्याच्याकडून तें करून घेतलें हा दोष.

आणि गुडघ्यांच्या जागीं आणखी एक चमत्कार दिसला. तेथें पापुद्रा सर्वांत मोठा सुटला होता, पण त्याच्या पाठीस गंज मुळींच नव्हता. आरशासारखी चकचकीत पाठ. पस्तीस वर्षें घांसून घांसून बंधूंच्या गुडघ्यांनीं पत्रा इतका गुळगुळीत केला होता कीं, अस्तराला धरावयास जागाच उरली नव्हती. कारागिरानें तो भाग स्वच्छ दिसला म्हणून तसाच सोडला. धातु स्वच्छ पाहिजे, पण तीवर पॉलिश कागदाचे बारीक ओरखडेही पाहिजेत. त्या ओरखड्यांत अस्तर आपली मुळें रोवतें. आम्हीं हें वहिनींस सांगितलें तेव्हां त्या कांहीं वेळ गप्प बसल्या आणि मग हंसल्या. पुन्हां खरवडण्यास त्यांची संमति मिळाली ती त्या दिवशीं. अट मात्र एक घातली, ती पुढें येईल.

दुकानांत गेलें म्हणजे अस्तराचे डबे इतके असतात कीं मनुष्य गोंधळून जातो. पैकीं तांबडें ऑक्साइड सर्वांच्या ओळखीचें, फाटकांना व खिडक्यांच्या गजांना लावतात तें. स्वस्त, ब्रशानें लागणारें, पण सावकाश वाळणारें व मऊ. त्यावर गाडीचा रंग मारला तर रंगांतील जहाल थिनर त्याला उकलतो आणि सायीसारख्या सुरकुत्या येतात. तें फाटकालाच ठीक. पूर्वीं पुलांना व जहाजांना जवसाच्या तेलांत कालवून शेंदूर लावीत. मारुतीचा शेंदूर तो हाच, शिशाचा. लोखंडास तो फार चांगला राखी, पण शिसें मनुष्याच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगांत भिनून मेंदूस अपाय करतें. घरगुती रंगांत शिसें दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक असूं नये असा नियम आपल्याकडे २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाला आहे. जुन्या वाड्याचीं दारें वा जुनीं लोखंडी कपाटें कोरडीं घांसूं नयेत असें म्हणतात त्याचें हें एक कारण.

दुसरी जात आम्लयुक्त अस्तराची. यांत फॉस्फोरिक आम्ल असतें व तें धातूच्या पृष्ठभागास किंचित् खाऊन तेथें आपला पातळ पदर जमवितें. कल्हईच्या नवसागराची आठवण यावी असें. ॲल्युमिनियम व जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, ज्यांवर दुसरें कांहीं सहज धरत नाहीं, तेथें याचा चांगला उपयोग. पण हा थर इतका पातळ कीं एकट्यानें पाणी अडवूं शकत नाहीं. वर दुसरें अस्तर लागतेंच. त्यावर लांबी भरूं नये, कारण राहिलेल्या आम्लामुळें लांबी नीट कठीण होत नाहीं. आणि डब्यावर स्पष्ट परवानगी असल्यावांचून त्यावर एपॉक्सीही मारूं नये. या अस्तरांत पूर्वीं जस्ताचें क्रोमेट घालीत. त्यानें कर्करोग होतो हें सिद्ध झालें आहे, म्हणून हल्लीं जस्ताचें फॉस्फेट घातलेले डबे मिळतात. जुना हिरवट-पिवळा डबा कोणी कौतुकानें दिला तर तो घेऊं नये.

तिसरी जात एपॉक्सीची, आणि मुळशीच्या मनुष्यानें मुख्यतः हिचाच विचार करावा असें आमचें मत झालें आहे. ही दोन डब्यांत येते, एकांत राळेसारखा मूळ पदार्थ व दुसऱ्यांत हार्डनर. दोन्ही सांगितलेल्या प्रमाणांतच मिसळावे लागतात. येथें “अंदाजपंचे” चालत नाहीं. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल अशी जी समजूत आहे ती साफ चुकीची आहे. मिसळल्यावर दोहोंचा रासायनिक संयोग होऊन जो पदर बनतो तो थिनरनें पुन्हां विरघळत नाहीं आणि पाण्याला व हवेला जवळजवळ बंद असतो. घांसलेल्या पत्र्यास तो घट्ट धरतो, त्यावर लांबीही चालते. दोष दोन. थंडींत तो फार मंद होतो. पंधरा अंशांच्या खालीं त्याची क्रिया रेंगाळते. आणि दमट हवेंत त्याच्या पृष्ठावर तेलकट साय येते, तिच्यावर पुढचा थर धरत नाहीं; ती पाण्यानें धुवून व घांसून काढावी लागते. उन्हांतही तो उघडा ठेवूं नये, पृष्ठभाग खडूसारखा होतो.

याशिवाय दोन डब्यांचा सर्फेसर असतो, जो जाड बसतो व घांसून सपाट करतां येतो. तोही सच्छिद्रच, पण एपॉक्सीच्या वर बसविला म्हणजे पाण्याची भीति उरत नाहीं. जस्ताची पूड घातलेलें अस्तर सांगाड्याच्या सांध्यांना बरें, टाकीच्या तुळतुळीत कामास नव्हे. सायलेन्सरला यांपैकीं एकही चालत नाहीं. तेथें उष्णतेसाठीं केलेलें निराळेंच अस्तर लागतें. प्लॅस्टिकच्या भागांना काय लावावें हें त्या प्लॅस्टिकच्या जातीवर अवलंबून आहे, आणि बंधूंच्या गाडीस प्लॅस्टिक फारसें नसल्यामुळें आम्ही त्या वाटेस गेलों नाहीं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतों. ज्यांची गाडी अलीकडच्या काळांतली आहे त्यांनीं ती हौसेखातर पत्र्यापर्यंत खरवडूं नये. हल्लीं कारखान्यांत पत्रा अस्तराच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें त्यावर एपॉक्सीचा सारखा थर चढवितात. सांधे, कोपरे, आंतल्या कडा, सगळीकडे. तसा थर आपल्या हातून कधींही व्हावयाचा नाहीं. तो शाबूत असेल तर वरचा रंग फक्त घांसून खरबरीत करावा व त्यावरच काम करावें. वरचा जुना रंग ड्युकोचा आहे कीं पक्का, हें कळण्यास चिंधीवर थिनर घेऊन एका कोपऱ्यांत दोन मिनिटें धरावी. चिंधीस रंग लागला तर तो विरघळणारा आहे असें समजून तो उतरवावा.

आमच्या गाडीचा रंग उतरविणें प्राप्तच होतें. तें काम २०२४ सालच्या जानेवारींत घेतलें. पावसाळ्यांत असें काम काढूं नये हें तर झालेंच, पण हिंवाळ्यांतही धरणाच्या बाजूनें पहांटे धुकें येतें व नऊ वाजेपर्यंत पत्र्यावर दंव असतें. उन्हाळ्यांत गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, तसाच थंड पत्र्यास हवेंतील बाष्पामुळें सुटतो. तो नेहमीं डोळ्यांस दिसतोच असें नाहीं. नियम असा आहे कीं ज्या उष्णतामानास दंव धरतें त्याहून पत्रा निदान तीन अंश ऊन असावा. पुतण्यानें त्यासाठीं लहानसें यंत्र आणलें. मिस्त्रीनें मात्र पत्र्यावर हात ठेवून “अकरानंतर मारूं, चारच्या आंत आवरूं” असें सांगितलें, आणि यंत्राचाही अभिप्राय तोच पडला.

गंज काढण्यांत तीन दिवस गेले. खड्ड्यांच्या तळाशीं जो गंज कागदानें निघेना, त्यास गंज पालटणारें औषध लावलें. त्यांतील टॅनिन गंजाशीं मिळून काळा, स्थिर पदार्थ बनतो. ही क्रिया पाहतांना आम्हांस मोठी गंमत वाटली, कारण हिरडा व हिराकस यांची शाई होते ती याच तत्त्वावर; हिरड्यांतलें टॅनिन आणि हिराकशीतलें लोह. ज्या शाईनें आमच्या पणजोबांनीं कुळांचे हिशेब लिहिले तीच शाई जणूं नातवाच्या गाडीच्या खड्ड्यांत भरली.

त्यानंतर तेल. येझदीच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, आणि तिच्या धुरांतल्या तेलाचा पातळ ओशटपणा मागल्या मडगार्डावर चाळीस वर्षें बसत आला होता. हा डोळ्यांस दिसत नाहीं. तो गेला कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति मिस्त्रीनें दाखविली ती घरांतील बायकांस आवडेल. पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतावें. पाण्याचा पडदा सलग राहिला तर पत्रा निर्मळ. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब तुटले तर अजून तेल आहे. टाकी एकदांत उतरली, मडगार्ड तीनदां धुवावें लागलें. मग लगेच कोरडें करून, एकशेंऐशी नंबरच्या कागदानें घांसून, त्याच दुपारीं एपॉक्सीचे दोन हात दिले. उघडा पत्रा येथें रात्रभर ठेवणें म्हणजे सकाळीं त्यावर गंजाची पिवळी झांक पाहणें. गुडघ्यांच्या जागा पुतण्यानें स्वतः घांसल्या.

एपॉक्सी वाळल्यावर तो किंचित् घांसून मग लांबी, तीही कोरडी घांसलेली, पाणी न लावतां. लांबी घांसतांना जेथें जेथें पत्रा उघडा पडला तेथें पुन्हां एपॉक्सीचा हात. त्यावर सर्फेसर. सर्फेसरवर काळ्या रंगाचा अगदीं विरळ फवारा मारून मग चारशें नंबरच्या कागदानें घांसतात. जेथें काळें राहतें तेथें खळगा आहे असें समजावें. मुलांच्या पाटीवरील चुका खडूनें दाखवाव्या तसें तें दिसतें. शेवटीं सहाशेंचा कागद. डब्यावर एका थरानंतर दुसरा किती वेळानें व किती वेळाच्या आंत मारावा हें लिहिलेलें असतें; ती मुदत टळली तर पुन्हां घांसल्यावांचून वरचा थर धरत नाहीं. आम्हीं एका टाकाऊ पत्र्यावर मुद्दाम मुदत टाळून पाहिली. मग पात्यानें उभ्या आडव्या रेघा कापून चौकटी केल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून ओढली, तों निम्म्या चौकटी पट्टीबरोबर उचलून आल्या. टाकीबरोबर रंगविलेल्या तुकड्यावर तीच परीक्षा केली तेव्हां एकही हलली नाहीं.

अस्तराच्या रंगाविषयींही लोक चूक करतात. डाळिंबी, केशरी, पिवळा हे रंग पारदर्शक. राखी अस्तरावर ते मळकट दिसतात आणि मग कारागीर थरावर थर चढवीत बसतो. आम्हीं शेवटचें अस्तर पांढऱ्याऐवजीं फिकट तांबूस घेतलें, म्हणून डाळिंबी दोन हातांत उठला. रंग मुळापासून बदलणारांनीं नोंदणीपुस्तकांतही गाडीचा रंग लिहिलेला असतो हें विसरूं नये व परिवहन कार्यालयाकडून त्याची नोंद बदलून घ्यावी.

हें सर्व काम घरच्या पडवींतच करावें असा पुतण्याचा पहिला विचार होता. तो आम्हीं मोडून काढला, व या एका बाबतींत आम्हांस वडीलकीचा अधिकार वापरावा लागला. दोन डब्यांच्या सर्फेसरांत व वार्निशांत जो हार्डनर असतो त्यांत बहुधा आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्याचे सूक्ष्म कण श्वासांत गेल्यानें दमा जडतो, आणि एकदां शरीरानें तें मनास घेतलें म्हणजे पुढें त्याचा लवलेशही सोसत नाहीं. नाकास रुमाल बांधून कांहीं होत नाहीं. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा असावा, आणि धूर ओढून घेणारा पंखा असलेली बंद जागा असावी. एपॉक्सीच्या हार्डनरनें हातांस खाज व फोड येतात, म्हणून हातमोजे. जेथें मुलें निजतात, लोणच्याच्या बरण्या असतात, तेथें हा फवारा कदापि नको. पिरंगुटाजवळच्या एका शेडमध्यें तशी सोय होती, तेथें काम केलें. त्या शेडमध्येंही एक सोळा सतरा वर्षांचा पोरगा तोंड उघडें टाकून फवाऱ्याजवळ उभा होता. पुतण्यानें आपला जादा मुखवटा त्यास दिला व काम संपल्यावर तो परत घेतला नाहीं.

वहिनींची अट अशी होती. गाडीच्या बाजूस हत्यारांची जी लहान पेटी आहे तिच्या झाकणाच्या आंतल्या अंगास कोणी हात लावूं नये. तेथें कारखान्याचा मूळ रंग अद्याप आहे, आणि त्यावर बंधूंनीं, पांच लिटर पेट्रोलास तेल किती घालावयाचें तें, खिळ्यानें कोरून ठेवलें आहे. आंकडे कोरतांना रंग फाटून पत्र्यापर्यंत गेला आहे, म्हणून त्या अक्षरांत गंज भरून तीं तांबडीं दिसतात. पुतण्यास काळजी पडली कीं हा गंज पसरून झाकण खाऊन टाकील. तेथें अस्तर मारावें तर अक्षरें बुजणार, न मारावें तर पत्रा जाणार. मिस्त्रीनें सांगितलें कीं, पारदर्शक असें कांहींही गंजावर मारलें तरी खालीं गंज वाढतच राहतो. शेवटीं झाकण मंद उन्हांत तापवून त्यावर पातळ मेण चोळलें. मेण कांहीं कायमचें नव्हे; दर मृगाच्या आधीं तें पुसून नवें चोळावें लागतें. तें काम वहिनींनीं आपणाकडे घेतलें आहे.

त्यानंतर दोन पावसाळे गेले, त्यांतला पहिला तर ताम्हिणीच्या त्या विक्रमी दिवसाचा. टाकीस फोड नाहीं. झाकणाजवळ, जेथें पेट्रोल भरतांना सांडतें, तेथें वार्निश किंचित् मंद झालें आहे, पण अस्तरानें दाद दिलेली नाहीं. टाकीच्या आंतली काळजी मात्र निराळी आहे. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें, तें हवेंतलें पाणी ओढून घेतें, आणि आंतून आलेला गंज बाहेरचें कोणतेंही अस्तर थांबवूं शकत नाहीं. म्हणून पुतण्या टाकी रिकामी वा अर्धी ठेवून गाडी उभी करीत नाहीं. भरून ठेवतो व महिन्यांतून दोन फेऱ्या मारतो. गुडघ्यांच्या जागीं अजून रंग तसाच आहे. तो झिजण्यास पुतण्यास पस्तीस वर्षें गाडी चालवावी लागेल असें आम्ही त्यास सांगतों.

परवां त्यानें पुन्हां विचारलें, “काका, वाड्याच्या फाटकाला उरलेला एपॉक्सी मारूं का?” डबा दीड वर्षांपूर्वीं उघडलेला, हार्डनर घट्ट झालेला. आम्हीं त्याला तांबडें ऑक्साइड आणावयास पाठविलें.